ड्रमातली मोरपंखी

॥ श्री ॥
करी रोड, मुंबई
रविवार, ९ जून २०२४

ती. नलूवन्संना शेवंतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. मी चौथी शिकलेली, लिहायला वेळ लागतो, म्हणून उशीर झाला असं समजा. खरं तर कंटाळा केला.

डॉक्टरांनी फोन बंद करायला सांगितला ते बरंच झालं. माझा आवाज ऐकला की ह्यांनी बोलायला जायचं, शब्द निघायचा नाही, मग लालबुंद होऊन प्रेशर वाढवून घ्यायचं. त्यापेक्षा तुम्ही पत्र वाचून दाखवता ते ठीक. शाळेच्या बागेतून आठ दिवसांची रजा काढून शिमग्याला गेलेला माणूस. पालखी नाचवली आणि दुसऱ्या दिवशी उजवी बाजू गेली. अडीच महिने होऊन गेले. माळ्याची जागा शाळेने दुसऱ्याला दिली, हे त्यांना सांगितलं नसेल तर सांगून टाका. लपवून काय होणार.

मोरपंखीबद्दल विचारत होते असं तुम्ही लिहिलंत. झाड चांगलं आहे. माझ्या डोक्यावर एक हात गेलंय. चाळीत होतो तेव्हा चौदा वर्षं ते गॅलरीत होतं, कोणाच्या अध्यातमध्यात नव्हतं. ह्या टॉवरमध्ये गॅलरीच नाही. लोकांनी सतराव्या मजल्यावर कपाटं आणली, फ्रिज आणले. आमच्याकडे चार माणसं लावून निळा ड्रम आला, मातीसकट. लिफ्टवाला अजून मला बघून तोंड फिरवतो. घरात एकच मोठी खिडकी, तिच्याखाली ड्रम. दर रविवारी हे ड्रमाला मिठी मारून पाव वेढा फिरवायचे, सगळ्या बाजूंना ऊन मिळावं म्हणून. एकतीस वर्षांत मला अशी मारली नाही. आता मी भिंतीला पाय लावून पाठीने ढकलते. फिरतो.

तुम्ही विचारता, लवूला कधी नेतेस. वन्सं, नेऊन ठेवू कुठे? आम्ही दोघं खाली अंथरूण घालायचो. त्यांना आता जमिनीवरून मला एकटीला उठवता येणार नाही, खाटच पाहिजे. खाट बसेल अशी जागा फक्त खिडकीखाली, आणि तिथे ड्रम. बाहेर लॉबीत ठेवायची सोय नाही. सोसायटीचे सेक्रेटरी हितेंद्र शेठ चपलांच्या स्टँडलासुद्धा नोटीस काढतात. झाड टाकून द्यायचं तर ह्यांना तुम्हीच विचारा. मी नाही विचारणार.

आठवण येते का, असंही विचारलंत. कळत नाही. पोळ्या लाटताना हात चालतात, डोकं कुठे नसतं. तसं चाललंय.

तब्येतीला जपा. आहे तो लोभ तेवढाच ठेवा, वाढवा म्हणत नाही.

तुमची,
शेवंती


मु. पो. मुणगे, ता. देवगड
सोमवार, २४ जून २०२४

चि. सौ. शेवंतीस,
नलूचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघे भावंडे ठीक आहोत, तुझ्याकडची खुशाली वाचली.

खुशाली म्हणायची, नाहीतर तुझे पत्र म्हणजे तलाठ्याची नोटीसच असते. बालवाडीत तीस वर्षे मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, पण इतका कान देऊन ऐकणारा विद्यार्थी मला लवूसारखा मिळाला नाही. पाकीट दिसले की डावा हात पुढे करतो. आधी स्वतः वास घेतो, मग माझ्याकडे देतो. मला चष्मा पुसायलाही फुरसत देत नाही. मिठीची गोष्ट वाचली तेव्हा त्याचे अर्धे तोंड हसले. हसायला तेवढेच चालते.

आता तो उशीला टेकून बसतो. कप डाव्या हातात धरतो. बाकी सगळे मला करावे लागते आणि खरी अडचण तीच आहे. मला बेंबीपाशी हर्निया निघाला आहे. डॉक्टर म्हणाले, गणपती झाल्यावर ऑपरेशन करा आणि तोवर वजन उचलू नका. मी त्यांना म्हटले, वजनाला नाव आहे, तो माझा भाऊ आहे. ते हसले, पण औषध काही वेगळे दिले नाही. सदुसष्ट वर्षांच्या बाईने किती दिवस रेटायचे? गणपतीपर्यंत मी सांभाळते. पुढचे तू ठरव. मी तुझ्यावर ढकलते आहे असे समजू नकोस. समजलीस तरी चालेल.

झाडाचा विषय मी त्याच्यापाशी काढला. टाकून द्यायचे का म्हणून विचारले तर त्याने तोंड भिंतीकडे केले, जेवेपर्यंत वळवले नाही. ते उत्तर समज.

दोन डझन खारे बांगडे मुंबईच्या बसने पाठवले आहेत. परळला उतरवून घे. मासेमारी बंद आहे, तिकडे ताजे मिळत नसेल.

तुझ्या जिवाला सांभाळून राहा. माया आहेच, ती कागदावर मावत नाही.

तुझी,
नलूवन्सं


करी रोड, मुंबई
रविवार, २१ जुलै २०२४

ती. नलूवन्संना शेवंतीचा नमस्कार, साष्टांग आणि मनापासून.

बांगडे मिळाले. बसवाल्याने पिशवी डिझेलच्या डब्याशेजारी ठेवली होती, पण आत काही गेलं नाही. एक दिवसाआड दोन काढते, रात्री भिजत घालते, सकाळी मिरची-कोकमात उकडून तिखलं करते. दुपारी दादरहून आले की भात लावायचा, झालं जेवण. एकटीचा स्वयंपाक म्हणजे काय तो असा. चव लागते असं नाही, पण पोट भरतं.

झाडाची काळजी करू नका म्हणावं. माशाचं पहिलं धुवण झाडाला, हा त्यांचा नियम मी मोडलेला नाही. त्यांच्या मागे मीच घालते. बांगडे भिजवलेलं पाणीसुद्धा मोरीत ओतत नाही, सगळं ड्रमात. महिना झाला, एकही खेप चुकवली नाही. झाड हिरवंगार आहे.

आता तुमच्या ऑपरेशनचं. मी आनंदीबाईंना रजेचं विचारलं. त्या म्हणाल्या, पोळीभाजी केंद्रात रोजच्या तीनशे पोळ्या तू लाटतेस, तू घरी बसलीस तर मी काय माझ्या वडिलांना बसवू? त्यांचं चूक नाही. सकाळी सहा ते दोन मी दादरला असते. तेवढ्या वेळात ह्यांना कोण बघणार? मेघनाला विचारलं. ती म्हणाली, आई, पप्पांना मी नेलं असतं पण सासूबाई. एवढंच बोलली, पुढे बोलली नाही. मुलीच्या घरात आपण काय बोलायचं.

आणि खाटेची जागा नाही ते मी मागेच लिहिलंय. ड्रम आहे तिथेच आहे. झाड जिवंत असताना मी ते उपटून टाकलं असं मला ऐकायचं नाही, ह्या जन्मात तरी नाही. तेव्हा सध्या आहे तसं चालू द्या.

पावसात पायरीवर पाय जपून टाका. लोभ आटवू नका, एवढं पुरे.

शेवंती


मुणगे
सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. शेवंतीस आशीर्वाद. पत्र मिळून आठ दिवस झाले, पण घरात गडबड होती.

गडबड तुझ्या पत्राने केली. मी नेहमीप्रमाणे वाचत होते. बांगड्याच्या पाण्याचे वाक्य आले आणि लवू एकदम डाव्या हाताने खाट बडवायला लागला. मला वाटले त्याला बांगडा खायचा आहे. पथ्य आहे, तरी म्हटले एक तुकडा देऊ. भाजून भाताबरोबर समोर ठेवला. त्याने ताट ढकलून दिले. मग बांगड्याकडे बोट केले आणि मान हलवली. परत बोट केले, परत मान हलवली. मी म्हटले, बाबा, नको तर नको, रागावतोस कशाला?

दुसऱ्या दिवसापासून आणखी एक सुरू झाले. खाटेच्या लाकडावर अंगठ्याचे नख ओढतो. एकाच जागी. पॉलिश निघून खालचे पांढरे लाकूड दिसेपर्यंत ओढतो, मग माझ्याकडे बघतो. मला वाटले अंगाला खाज येते. खोबरेल चोळले. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी बालवाडीत आहे आणि तो मास्तर. मग बोटाने हवेत झाड काढून दाखवले. खाली रुंद, वर निमुळते. आणि परत नख.

मला काही कळले नाही. एकतीस वर्षे त्याच्याबरोबर तू राहिलीस, तुला कळले तर लिही.

ऑपरेशनची तारीख वीस सप्टेंबर मिळाली आहे. काल त्याला कुशीवर वळवताना कळ येऊन मी ओरडले, तर तो डोळे मिटून पडून राहिला. त्याने पाहिले नाही असे दाखवले. त्याला सगळे समजते गं.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
नलूवन्सं


करी रोड, मुंबई
गुरुवार, १५ ऑगस्ट २०२४

ती. नलूवन्संना शि. सा. न.

आज केंद्र बंद, म्हणून लगेच लिहिते. इकडे सगळं ठीक आहे. मेघना राखीला येणार आहे. पाणी सकाळचं एक तास येतं. झाड हिरवं आहे. त्यांना सांगा, हिरवं आहे, आणि बांगड्याचं पाणी मी आता घालत नाही, साधंच घालते.

नख ओढतात ते मलाही समजलं नाही. खोबरेल लावत जा.

तुमची,
शेवंती

(त्याच पाकिटात, वहीच्या फाडलेल्या पानावर)

वन्सं, वर लिहिलंय ते त्यांच्यासाठी. हे तुमच्यासाठी.

नखाचं मला कळलं. वाचल्या वाचल्या कळलं. शाळेत त्यांच्याबरोबर बागेत काम करणारा प्रफुल्ल आहे, त्याला बोलावून आणला. त्याने आधी ड्रमातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि खिडकीतून थुंकला. म्हणाला, वहिनी, मीठ आहे. ताज्या माशाचं धुवण वेगळं, खाऱ्या माशाचं वेगळं. लवूदादा खारं पाणी मोरीत ओतायचे, तुम्ही बघितलं नव्हतं का? नव्हतं बघितलं. झाडाचं सगळं तेच करायचे.

मग त्याने खोडावर नख ओढलं. साल निघाली की आत हिरवं दिसलं पाहिजे म्हणाला. तपकिरी होतं. खाली बघितलं, वर बघितलं, फांद्या बघितल्या. सगळीकडे तपकिरी. म्हणाला, हे गेलंय. पण ह्या जातीचं झाड मेलेलं लगेच दाखवत नाही. पानं महिना-दोन महिने हिरवीच राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता लागत नाही.

म्हणजे मी ते मारलं आणि ते उभं आहे. मी रोज त्याच्याकडे बघते. मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

तुमच्यापाशी खरं बोलते. ड्रम आहे म्हणून खाट बसत नाही, असं मी सांगत आले. ते खोटं नव्हतं. पण त्या ड्रमाचा मला आधार झाला होता. पाच महिने मी एकटी राहते. कोणाचा डबा नाही, कोणाचं अंथरूण नाही. वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. काहीच वाटत नाही. ह्यांना आणायची मला इच्छा होत नाही वन्सं, आणि नको असंही होत नाही. आत हात घालून बघते तर तिथे काही नाही. अशा बाईच्या हातात तुम्ही माणूस देणार का?

पानं हिरवी आहेत तोवर झाड आहे असं मला सांगता येईल. दसऱ्यापर्यंत तर नक्की. मग बघू.

ही चिठ्ठी त्यांना वाचून दाखवू नका.

शेवंती


मुणगे
बुधवार, २८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. शेवंतीस,

आशीर्वाद लिहिते आहे, पण हात जड झाला आहे.

वाचून दाखवू नका, हे तू सगळ्यात शेवटी लिहिलेस. अगं, ते सगळ्यात वर लिहायचे असते. पाकीट फोडले तेव्हा वहीचे पान वरती होते. लवू हात पुढे करून बसला होता. मी नेहमीसारखी आधी न बघता मोठ्याने वाचायला लागले. मातीचे वाचले तेव्हा त्याने मान डोलावली, त्याला ते ठाऊकच होते. मी थांबायला हवे होते. पण त्याने बोटाने पुढे वाच म्हणून खूण केली आणि मी वाचत गेले. आत हात घालून बघते, ते मी वाचले. अशा बाईच्या हातात, तेही वाचले. आणि मग शेवटची ओळसुद्धा वाचली, वाचून दाखवू नका म्हणून. तीस वर्षे वाचून दाखवण्यात गेली, तोंड आपोआप चालले.

तो रागावला नाही. रडला नाही. मी पाणी दिले, ते प्यायला. मग खुणेने पेन मागितले. डाव्या हाताने लिहायला त्याला दोन दिवस लागले. तीन कागद फुकट गेले. चौथा सोबत ठेवला आहे.

तू विचारलेस, अशा बाईच्या हातात माणूस देणार का. मी रागावले होते, उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते. आज देते. माझ्यात माया आहे, रग्गड आहे. पण मला त्याला वळवता येत नाही. परवा त्याच्या पाठीला जखम झालेली मला तीन दिवसांनी दिसली. मायेने ती लवकर दिसली नाही.

त्याने लिहिले आहे ते खरे मानू नकोस. त्याने मला ते पुसू दिले नाही, म्हणून मी इथे खाली लिहिते.

नलूवन्सं

(सोबतच्या कागदावर, मोठ्या वाकड्या अक्षरांत)

झाड गेले.
माती दुसऱ्या झाडांत टाकू नको.
मी इथे बरा.
लवू


करी रोड, मुंबई
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

अहो,

नवऱ्याला पत्र लिहिताना वर काय घालतात ते मला कोणी शिकवलं नाही. तुम्हाला आजवर लिहायची वेळ आली नव्हती. तेव्हा नमस्कार. नलूवन्सं, हे मोठ्याने वाचा, सगळं वाचा.

तुमचा कागद मिळाला. माती दुसऱ्या झाडांत टाकली नाही. हितेंद्र शेठ म्हणत होते, खालच्या बागेत टाका, खर्च वाचेल. मी म्हटलं, तुमच्या बागेचं वाटोळं होईल, मग मला नोटीस काढाल. प्रफुल्ल करवत घेऊन आला. झाड कापलं तेव्हा वरून अजून हिरवंच होतं. लिफ्टमध्ये एका बाईने विचारलं, चांगलं झाड का तोडलंत. मी म्हटलं, मेलेलं आहे. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मला वेड लागलंय. मी समजावत बसले नाही.

माती निघत नव्हती. मुळं ड्रमाच्या कडेने गोल गोल फिरून काथ्याची दोरी वळावी तशी झाली होती. जायला जागाच नव्हती त्यांना. सुरीने कापून, पळीने खरवडून काढली. रोज दुपारी दोन बादल्या, अकरा दिवस. मागे बांधकाम चाललंय तिथल्या भरावात नेऊन टाकली, तिथे काही उगवायचं नाही. ड्रम प्रफुल्ल घेऊन गेला. फरशीवर गोल डाग राहिलाय, तो ॲसिडनेही गेला नाही.

मग मी त्या जागेवर स्वतः आडवी झाले. डोकं भिंतीला लावलं तर पायाशी वीतभर उरतं. खाट बसते.

चिठ्ठीत लिहिलं ते तुम्ही ऐकलंत. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. अजून तसंच आहे. तुम्ही याल तेव्हा माझ्यात काही फरक पडलेला असेल असं धरून येऊ नका. पण मी इथे बरा असं तुम्ही लिहिलंत, तेही खोटं आहे. वन्संना तुमच्या पाठीवरची जखम दिसली नाही. मला दिसली असती. मला माया येते का नाही माहीत नाही, जखम दिसते. ती पुसायला मला काही वाटावं लागत नाही.

खाट परळहून भाड्याने आणली, डोक्याकडून वर होते. आनंदीबाईंना सांगितलं, मी केंद्रात येणार नाही, जमत असेल तर पीठ घरी पाठवा. चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी परात आली. दोनशे पोळ्या घरी लाटायच्या, मुलगा येऊन नेणार. म्हणजे मी दिवसभर घरात. तुम्ही बोलत नाही आणि मी बोलले की टोचते, तेव्हा शांतता राहील.

जावई गुरुवारी, एकोणीस तारखेला, गाडी घेऊन येतील, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते. पितृपक्षात आजारी माणसाला हलवू नये म्हणून वाडीतलं कोणीतरी बोलेलच. त्यांना म्हणावं, वीसला ऑपरेशन आहे, पितरांना सांगून ठेवा. वन्सं, तुमच्यापाशी मेघना राहणार आहे आठ दिवस. सासूबाईंशी तीच बोलली, ह्या वेळी वाक्य पुरं केलं.

येताना हट्ट करू नका, चिडायचं असेल तर इथे येऊन चिडा. माझ्यावर राग असेल तर तोही घेऊन या, ठेवायला जागा आहे. शेवटी लोभाची ओळ लिहितात, ती मला अजून लिहवत नाही. कोरी सोडते.

शेवंती

ता. क. आडवी झाले तेव्हा बघितलं, तिथून फक्त आभाळ दिसतं आणि दुपारी तीननंतर ऊन सरळ डोळ्यांवर येतं. पडदा शिवायला टाकलाय, शनिवारी मिळेल. दोन दिवस टॉवेल लावीन.